निन्या डोरोला नऊ ठिकाणी कोणी मारलं?

१

निन्या डोरो मेली, ही बातमी मला खुद्द निन्या डोरोनंच दिली.

फेब्रुवारीचा पहिला मंगळवार. आमच्या बार्रांकिया शहरात कार्निवल तोंडावर आलेलं, कुणाचं कामात लक्ष नाही. माझंही नव्हतं. तेवढ्यात जिन्यावर चपला वाजल्या आणि खांद्यात फुलांचं चक्र अडकवून, टायर बदलायला निघाल्यासारखी बाई आत आली. चक्र माझ्या टेबलावर आपटलं. पांढऱ्या लिली, जांभळी फीत, फितीवर सोनेरी अक्षरं: 'डोरोतेआ मारिमोन यांना अखेरचा निरोप. जर्मनीतले अकॉर्डियन-मित्र.'

"नेफ्ताली," ती म्हणाली, "मी मेलेय का?"

"दिसत तर नाहीस, निन्या."

आमच्या किनाऱ्यावर बाई एकाहत्तरची झाली तरी तिला निन्याच म्हणतात, म्हणजे पोरगी.

"मग हे काय? फुलवाला टोपी काढून दारात उभा. मला विचारतो, देह कुठे ठेवलाय? मी म्हटलं, हा काय, तुझ्यासमोर! तर छातीवर क्रूस काढून पळाला मेला."

मी हसलो. पोट धरून हसलो, खुर्चीवरून पडायचा राहिलो. आज ते हसणं आठवलं की कानाच्या पाळ्या गरम होतात.

"हस, हस. जानेवारीत बाहेरच्या देशातून एक बाजा आला नाही दुरुस्तीला. एकसुद्धा. अनिबाल म्हणतो, ईस्टरच्या शनिवारपर्यंत बाहेरचं एकही काम आलं नाही, तर पुढची खोली औषधांच्या दुकानाला देऊन टाकू. घर दोघांच्या नावावर आहे, मी काय बोलू?"

अनिबाल तिचा धाकटा भाऊ. पुढची खोली म्हणजे तिचं वर्कशॉप. चव्वेचाळीस वर्षं ती तिथे अकॉर्डियनचे भाते शिवतेय, रीड घासतेय. आमच्या भागातले वाजवणारे बाजा आणतात, दुरुस्त करून घेतात आणि 'देव तुझं भलं करो' म्हणून निघून जातात. तिचं घर चालतं ते बाहेरच्यांवर. आणि बाहेरच्यांना ती सापडते इंटरनेटवर. ते काम माझं.

मी संगणकावर 'अकॉर्डियन दुरुस्ती' असं टाकून बघितलं. सहा वर्षं पहिल्या पानावर पहिलं नाव तिचं असायचं. आज पहिल्या पानावर नाही, दुसऱ्यावर नाही. सहाव्या पानावर, एका गादीवाल्याच्या खाली.

माझं हसू थांबलं.

"नेफ्ताली, तू केलंयस का हे?" तिनं सरळ विचारलं. विचारायला कारण होतं. अठ्ठावीस डिसेंबरला, निरागसांच्या दिवशी, आमच्याकडे सगळेच एकमेकांना बनवतात; पण माझं नाव त्यात वरचं. एका वर्षी मी पूल चोरीला गेल्याची बातमी पसरवली होती. या खेपेला निन्या डोरोचीच पाळी होती, आणि ती कवळी बाहेर येईतो हसली होती.

"निन्या, माझ्या थट्टेचं आयुष्य एक दिवस. फेब्रुवारीत मी कुणाच्या वाटेला जात नाही."

"आईची शपथ घे."

"आईची शपथ."

घेतली. छातीवर हात ठेवून घेतली.

२

माझा धंदा दोन ओळींत सांगतो. मोठ्या, मानाच्या वेबसाइटनं आपल्या पानावरून तुमच्याकडे बोट दाखवलं, की शोधयंत्राला वाटतं, हा कुणीतरी असणार. मग ते तुम्हाला वर चढवतं. त्या बोटाला म्हणतात बॅकलिंक. विकत घेतलेली बोटं चार दिवसांत गळून पडतात. फुकट मिळालेली, विद्यापीठाची, ग्रंथालयाची, संग्रहालयाची, ती खरी. ती मिळवायला एकच युक्ती: लोचटपणा. तिथलं पान सांभाळणारा माणूस शोधायचा, त्याच्या पानावरची एखादी मेलेली लिंक दाखवून द्यायची, 'साहेब, ही उघडत नाही बघा, हवं तर आमची घाला' म्हणायचं. आणि मग सणासुदीला आठवणीनं शुभेच्छा पाठवत राहायचं. निन्या डोरोसाठी अशी बारा बोटं मी सहा वर्षांत जमवली होती. एक पेसो न देता.

बारातली नऊ गेली होती. पंधरवड्यात.

"मी सांगते कोण ते," लुदिस म्हणाली. लुदिस कांतियो माझी भागीदार. मी गोड बोलायचं, तिनं यंत्र चालवायचं, अशी वाटणी. त्या वेळी ती एका दातांच्या डॉक्टरच्या पानांवरच्या तारखा पुसत बसली होती. आमच्या धंद्यातली ही नेहमीची लबाडी. तारीख नसली की जुना मजकूरही आज सकाळी लिहिल्यासारखा वाटतो. "ज्याचा फायदा, त्याचा हात. हे बघ."

जर्मन संग्रहालयाच्या पानावर निन्या डोरोच्या रिकाम्या जागी नवं नाव बसलं होतं. इटलीतल्या एका अकॉर्डियनच्या गावाच्या पानावरही तेच: 'ओस्पिनो आणि मुली. नवे अकॉर्डियन, सुटे भाग, दुरुस्ती.'

विल्फ्रिदो ओस्पिनो. माझा कोंपाद्रे. त्याच्या मोठ्या पोरीचा धर्मपिता मी.

मी नऊही जणांना पत्रं टाकली, 'आमची लिंक का काढलीत?' आणि उत्तरं यायची वाट न बघता टोपी उचलली.

३

विल्फ्रिदो दुकानात कोरोसोच्या फळांचं सरबत पीत बसला होता. मला बघून त्यानं पेला खाली ठेवला. दोषी माणूस पेला खाली ठेवतो, असं मी मनात टिपून घेतलं. मला त्या दिवशी हेरगिरी फार चढली होती.

"कोंपाद्रे," मी म्हटलं, "सत्तरीच्या बाईला मारून काय मिळालं तुला?"

"दोन लिंका," तो म्हणाला. शांतपणे. "जर्मन आणि इटालियन. मी मारलं नाही पण."

"मेलेल्याच्या जागेवर आपोआप बसलास?"

"आपोआप कसा? तू शिकवलंस तसा! मागच्या वर्षी व्यापारी मंडळात भाषण ठोकलंस ना? 'मोठ्यांच्या पानावर रोज नजर ठेवा, कुणाची जागा रिकामी झाली की त्याच दिवशी पत्र टाका, पाय घाला.' पुढच्या रांगेत बसून मी लिहून घेतलं, तुला दाखवू वही?"

"पण ती जिवंत आहे हे तुला माहीत होतं की!"

"मला काय माहीत त्यांनी का काढलं? मला वाटलं, तुझं-त्यांचं भांडण झालं असेल. तुझं कुणाशी होत नाही?" मग त्यानं फोन काढून दोन्ही पत्रं दाखवली. दोन्ही फेब्रुवारीतली. लिंका गेल्या होत्या जानेवारीच्या अखेरीला. आणि पत्रात निन्याविषयी एक अक्षर नव्हतं.

"जर्मनीच्या बाईनं मला काय उत्तर दिलं माहितेय?" विल्फ्रिदो म्हणाला. "म्हणाली, 'तुमच्या शहरानं एक थोर कारागीर गमावली, तिची जागा तुम्ही चालवा.' मी वाचलं आणि मला कळेना. वाटलं, अनुवाद चुकला असेल."

"विचारलं नाहीस?"

तो सरबताच्या पेल्याकडे बघत राहिला. "जागा मिळाली होती ना," तो म्हणाला. मग हळूच, "निन्याला सांगू नकोस. मी उद्या दोन्हीकडे लिहितो, माझं नाव काढा म्हणून."

दाराशी पोचलो तेव्हा त्यानं मागून हाक मारली. "नेफ्ता! जर्मनीची बाई म्हणत होती, कुटुंबाकडून खात्री करून घेतलीय. कुटुंब म्हणजे कोण रे?"

निन्या डोरोचं कुटुंब म्हणजे एकच माणूस.

४

अनिबाल मारिमोनचा बिलियर्डचा अड्डा आहे. निन्याला मेल-बिल येत नाही. वर्कशॉपची पत्रं हाच अड्ड्यातल्या संगणकावर वाचतो आणि तिला सांगतो. म्हणजे सांगायला पाहिजे.

"शोकपत्रं आली?" मी आत शिरताच विचारलं.

अनिबालनं काठीला खडू लावला. "नऊ."

"आणि तू तिला सांगितलं नाहीस!"

"तिला कशाला? मी उत्तरं दिली ना." त्याच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही. "सगळ्यांना लिहिलं, 'आभारी आहोत. झोपेतच गेली. हातात पेचकस होता.'"

मी खुर्ची ओढून बसलो. "अनिबाल. खोलीसाठी? औषधांच्या दुकानासाठी तू सख्ख्या बहिणीला..."

काठी टेबलावर आदळली. तीन गोळे उडाले.

"तोंड सांभाळ! मला खोली हवीय, ते मी तिच्या तोंडावर सांगतो, रोज जेवताना सांगतो. हे तुझं होतं म्हणून मी लिहिलं!"

"माझं?"

"मग कुणाचं? या गावात असली थट्टा दुसरं कोण करतो? मला वाटलं, नेफ्तालीनं परदेशी लोकांना सामील करून घेतलंय, चला, आपणही साथ देऊ. दुसऱ्याची रंगलेली थट्टा मोडायची नाही, हे तूच सांगत आलायस ना पंचवीस वर्षं? कसायाच्या दुकानात घोडा आलाय म्हणालास, मी म्हटलं हो, आलाय. पूल चोरीला गेला म्हणालास, मी म्हटलं, मी चोरांना बघितलं. हेही तसंच म्हटलं."

त्याचं खरं होतं. आमच्या किनाऱ्यावर थट्टा ओळखून खरं सांगणारा माणूस म्हणजे जेवणात माशी. त्याच्याशी कुणी बोलत नाही.

"पत्रं दाखव," मी म्हटलं.

नऊही पत्रं वाचली. सगळ्यांचा सूर एकच. 'दुःखद बातमी वाचली.' कुठे वाचली, ते कुणीच लिहिलं नव्हतं.

"पण नेफ्ता," अनिबाल आता खालच्या आवाजात म्हणाला, "तू नाही केलंस, तर मग मी कुणाला साथ दिली?"

५

ऑफिसात लुदिसनं भिंतीवर बारा कागद चिकटवले होते. नऊ मेलेले, तीन जिवंत. जर्मनी, इटली, फिनलंड, फ्रान्स, ब्राझील, जपान आणि आणखी तिघं गेले होते. राहिले होते तीन: आमच्याच देशातल्या वायेदुपार शहराचं ग्रंथालय, मेक्सिकोतलं एक संगीत विद्यालय, आणि स्पेनमधलं एक लोकसंगीत मंडळ.

"सोप्पंय," लुदिस म्हणाली. "तिघंही आपल्यासारखे स्पॅनिश बोलणारे. खुन्यानं परक्या भाषांतच पत्रं पाठवली. स्पॅनिशमध्ये लिहिलं असतं तर लगेच फोन आले असते आणि पकडला गेला असता."

"जर्मन कुणाला येतं आपल्याकडे?"

"विल्फ्रिदोच्या धाकटीला. शाळेत होतं तिला."

माझी धर्मकन्या नाही, तिची बहीण. अकरावीतली मुलगी. मी तिच्यावरही संशय घेतला, खोटं कशाला बोलू. अर्धा तास घेतला.

मग टेक्ससच्या प्राध्यापकाचं उत्तर आलं. गेलेल्या नऊतला हा एक. लोकसंगीत शिकवतो, निन्याकडून दोनदा बाजा दुरुस्त करून नेलेला. त्याचं पत्र वाचून लुदिसनं हातातली चिकटपट्टी खाली ठेवली, कारण पत्र स्पॅनिशमध्ये होतं. माझ्याहून शुद्ध स्पॅनिशमध्ये. याला फसवायला परकी भाषा लागतच नव्हती. म्हणजे भाषेचा मुद्दा गेला.

"मग त्या तिघांत आहे काय?" लुदिस म्हणाली. "तुला माहीत असणार, तूच बोलतोस सगळ्यांशी."

मी माझी वही काढली. ज्यांच्याकडून लिंक मिळाली त्यांना कधी काय शुभेच्छा द्यायच्या, ते मी वहीत लिहून ठेवतो. दोन याद्या. पहिलीच्या वर लिहिलेलं: 'नाताळचं कार्ड.' त्यात नऊ नावं. टेक्सससकट, कारण स्पॅनिश कितीही चांगलं असलं तरी माणूस ग्रिंगो, म्हणजे अमेरिकन, त्यांच्याकडे बनवाबनवीचा दिवस एप्रिलमध्ये. दुसरी यादी तीन नावांची. वायेदुपार, मेक्सिको, स्पेन. वर लिहिलेलं: 'अठ्ठावीस डिसेंबर. थट्टा पाठवणे.'

मी भिंतीकडे बघितलं. वहीकडे बघितलं. नऊ आणि तीन.

"लुदिस," मी म्हटलं, "प्राध्यापकानं शेवटी काय लिहिलंय, वाच."

तिनं वाचलं. "'लिंक का काढली असं विचारता? मला नवल वाटतं. निधनाची बातमी असलेलं ते पान बघायचं आमंत्रण मला तुम्हीच दिलंत.'"

६

पुढचं सांगताना मान वर होत नाही, पण सांगतो.

पंधरा जानेवारीला मी बाराही जणांना पत्र टाकलं होतं. 'निन्या डोरोचं पान आम्ही नव्यानं सजवलंय, एकदा नजर टाका.' लोचटपणाचा भाग. खाली पत्ता दिला होता. त्या पत्त्यावर मी तेव्हापासून स्वतः एकदाही गेलो नव्हतो. घरच्यांनी पाहुण्यांच्या खुर्चीत कधी बसून बघितलंय?

आता गेलो. सगळ्यात वर, काळ्या चौकटीत, निन्याचा हसरा फोटो. 'डोरोतेआ मारिमोन यांचं निधन. चव्वेचाळीस वर्षांची सेवा संपली. वर्कशॉप बंद राहील.'

माझी गेल्या अठ्ठावीस डिसेंबरची थट्टा. मी हसत नाही थट्टा लिहिताना, त्यातच माझी हुशारी. एक शब्द इकडचा तिकडे नाही, कुठे डोळा मिचकावलेला नाही. गावानं तारीख बघितली आणि खो खो हसलं. निन्यानं तारीख बघितली. त्या तिघांना मी त्याच दिवशी पाठवलं, तेही हसले.

"मी एकोणतिसाव्याला काढ म्हटलं होतं ना?" माझा आवाज चिरकला.

"मुख्य पानावरून काढलं," लुदिस म्हणाली. "सगळंच पुसायचं नाही, हे तूच सांगतोस. चालू पान पुसलं तर शोधयंत्र रुसतं. ते 'ताज्या बातम्या'मध्ये राहिलं. नवी सजावट केली तेव्हा ताज्या बातम्या वर आल्या."

"पण तारीख? तारीख कुठंय, लुदिस?"

तिनं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. त्याचंच जास्त लागलं.

"दहा जानेवारी," ती म्हणाली. "तू म्हणालास, डेंटिस्टचं नंतर, आधी निन्याच्या तारखा पूस. बाजे ऐन हंगामात येतात, पान ताजं दिसू दे."

खुनी सापडला होता. हत्यारही त्याचंच, साक्षीदारांना आमंत्रणं त्यानंच धाडलेली, आणि मेलेल्या बाईसमोर आईची शपथ घेऊन हात झटकलेलेही त्यानंच.

७

निन्याला सांगायला गेलो तेव्हा ती भात्याला कापड चिकटवत होती. मी उभ्यानं सगळं सांगितलं. हात कुठे ठेवायचे कळत नव्हतं. सरस सुकेपर्यंत तिनं भाता दोन्ही हातांनी दाबून धरला.

"आईची शपथ घेतलीस," ती शेवटी म्हणाली.

"मला खरंच वाटलं नव्हतं गं..."

"म्हणजे आधी वाटायला हवं ना, नेफ्ताली. मग शपथ."

मी नऊ माफीपत्रं लिहिली. सरळ, एकही गोड शब्द न घालता. उत्तरं काय आली? जर्मन बाईनं लिहिलं, मेलेल्यांच्या नावानं लिंक मागणारी पत्रं आम्हाला आठवड्याला वीस येतात, तुम्ही एकविसावे. फ्रान्सनं उत्तरच दिलं नाही. इटलीनं लिहिलं, 'कुटुंबानं स्वतः कळवलंय,' सोबत अनिबालचं पेचकसाचं वाक्य. ते वाक्य मी अनिबालला वाचून दाखवलं. त्यानं अड्डा लवकर बंद केला.

शेवटी निन्या स्वतः फोनच्या पडद्यावर आली. प्राध्यापकाला म्हणाली, "तुझ्या बाज्याच्या आतल्या रांगेतलं तिसरं बटण अजून अडकतं की नाही? सांगितलं होतं, समुद्रावर नेऊ नकोस." तिकडे माणसानं चष्मा काढला. त्याची लिंक त्याच दिवशी परत आली. तशाच शिव्या खाऊन आणखी तीन परतल्या. शोधात निन्या सहाव्या पानावरून तिसऱ्यावर आली. तिसऱ्या पानापर्यंत कोण जातं? मी कधी गेलो नाही.

ईस्टरचा शनिवार उजाडला. बाहेरचा एकही बाजा आला नव्हता. अनिबाल पुढच्या खोलीत टेपनं भिंत मोजत होता, औषधवाल्यानं मापं मागितली होती. कुणाकडे न बघता मोजत होता. विल्फ्रिदो दाराशी उभा होता, आत येत नव्हता. मी निन्याची अवजारं खोक्यात भरायला म्हणून गेलो होतो आणि एकही भरलं नव्हतं.

दुपारी पोस्टाची गाडी थांबली. लाकडी खोकं, फिनलंडचे शिक्के, दोन महिने समुद्रावरून आलेलं. पाठवणाऱ्यानं टाकलं होतं तीन फेब्रुवारीला, माझ्या माफीपत्राच्या आधी. पत्ता: 'डोरोतेआ मारिमोन यांचे वारस.'

आत एक जुना काळा अकॉर्डियन, लोकरीच्या शालीत गुंडाळलेला. सोबत पत्र. लुदिसनं अनुवाद करून वाचलं. मला जमलं नसतं.

'तुमच्या बाईंची बातमी ग्रंथालयात कळली. माझे वडील दर हिवाळ्यात त्यांच्याकडून रीड मागवायचे. वडील गेले त्याला पाच वर्षं झाली. त्यांचा बाजा तेव्हापासून मुका आहे आणि मला वाजवता येत नाही. बाईंना जिथे ठेवलं असेल तिथे हा जवळ ठेवा. दोघांना सोबत होईल.'

मला पायाखालची फरशी सोडून दुसरीकडे बघता येईना. कुठल्यातरी बर्फातल्या माणसानं आपल्या बापाची शेवटची वस्तू माझ्या थट्टेच्या कबरीवर ठेवायला पाठवली होती.

निन्यानं चष्मा लावला. पेचकस घेतला, भाता उघडला, कानाजवळ धरून एकेक रीड नखानं छेडली. बोटांवर काहीतरी मोजलं. मग मान वर न करता म्हणाली, "अनिबाल, उजेड सोड."

अनिबाल खिडकीसमोरून बाजूला झाला. त्याच्या हातातली टेप सटकन आत गेली. त्यानं ती खिशात घातली.

"नेफ्ताली."

"हं, निन्या."

"त्या माणसाला आजच लिही."

"हो. सगळं खरं लिहितो. माफी मागतो, आणि..."

"ते लिही तू, तुझं तू. पण आधी लिही," ती म्हणाली, "सात रीड गेल्यात, आणि भात्याला कसर लागलीय. तीन आठवडे लागतील."